वाचक विचारतात: राज्यघटनेत धर्ममूल्यांची जागा कोणती?

राज्यघटना लिहिताना धर्मातून आलेल्या मूल्यांचे काय करायचे, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे घटनाकायद्याच्या अभ्यासकांनी दिली आहेत.

प्रश्न: घटनेत देवाचे नाव असले की देश धर्माधिष्ठित आणि नसले की धर्मनिरपेक्ष, असा सरळ हिशेब करता येतो का? आपल्या संविधान सभेने देवाचे नाव का टाळले?

हा हिशेब फसतो. ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या प्रास्ताविकात सर्वशक्तिमान ईश्वराच्या कृपेवर विसंबून आम्ही एकत्र येत आहोत, असे म्हटले आहे. पण त्याच घटनेचे कलम ११६ संघराज्याच्या संसदेला कोणताही धर्म प्रस्थापित करायला, धार्मिक आचरण लादायला आणि सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई करते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. प्रास्ताविकात ईश्वर येतो आहे म्हटल्यावर त्याचा आधार घेऊन उद्या कोणी धर्मविषयक कायदे करील, ही भीती होती. म्हणून हे कलम आग्रहाने घालून घेतले गेले. जर्मनीची १९४९ ची मूलभूत घटनाही ईश्वर आणि मानव यांच्याप्रति असलेल्या जबाबदारीच्या उल्लेखाने सुरू होते. तिथे राज्याचे चर्च नाही.

आपल्याकडे हा प्रश्न १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मताला आला. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ या शब्दांनी व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली होती. विरोध नास्तिकांनी केला असेल असे अनेकांना वाटते, पण चर्चा वाचली की चित्र वेगळे दिसते. पं. हृदयनाथ कुंझरू यांचा मुद्दा असा की, ज्या उद्देशिकेत विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य दिले आहे, तिच्याच पहिल्या ओळीत सर्वांच्या वतीने एक श्रद्धा जाहीर करणे तिच्या आशयाशी विसंगत आहे. ए. थानू पिल्लै यांनी श्रद्धेच्या बाबतीत ही सक्ती होईल, असे सांगितले. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर देवावर मतदान करण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका, अशी कामतांना विनंती केली. कामतांनी आग्रह सोडला नाही. बाजूने ४१, विरोधात ६८ मते पडली आणि दुरुस्ती फेटाळली गेली.

याच पेचातून पोलंडने १९९७ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांच्या उद्देशिकेत ‘आम्ही पोलिश राष्ट्र’ म्हणजे कोण, हे सांगताना दोन्ही गट नावानिशी येतात: सत्य, न्याय, चांगुलपणा आणि सौंदर्य यांचा उगम ईश्वरात मानणारे, आणि तशी श्रद्धा नसली तरी हीच मूल्ये अन्य उगमांतून आलेली मानून त्यांचा आदर करणारे. आमच्या मते उद्देशिकेत ईश्वराचा उल्लेख करायचाच असेल, तर आजवरच्या मसुद्यांपैकी हा सर्वांत प्रामाणिक आहे. त्यात कोणालाही आपली श्रद्धा सोडावी लागत नाही आणि कोणाला दुसऱ्याची स्वीकारावीही लागत नाही.

घटना धर्माकडे किती झुकली आहे हे पाहायचे असेल, तर उद्देशिका शेवटी वाचा. आधी तीन गोष्टी शोधा: धर्मातून आलेले मूल्य कोणत्या भागात ठेवले आहे, त्याचा अर्थ लावण्याचा शेवटचा अधिकार कोणाला आहे, आणि ते बदलायला काय करावे लागते.

प्रश्न: स्वातंत्र्य, समता, बंधुता, सामाजिक न्याय ही मूल्ये पाश्चात्त्य राजकारणातून आली, धर्माशी त्यांचा संबंध नाही, असे आमच्या अभ्यासमंडळात एकाने ठासून सांगितले. हे खरे का?

अर्धेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर केलेल्या भाषणात स्पष्ट सांगितले होते, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आपले सामाजिक तत्त्वज्ञान सामावले आहे, ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही. त्याची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत आणि ते बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतले आहे. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी भिक्षुसंघाच्या कामकाजाचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळे संघाला ठाऊक होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरा धागा आयर्लंडमार्गे येतो, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. आपली मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली, हे शाळेत शिकवतात. आयर्लंडच्या त्या अनुच्छेद ४५ मागे कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण होती, हे सहसा सांगितले जात नाही. १८९१ आणि १९३१ मध्ये पोपनी काढलेल्या पत्रकांत कामगारांचे वेतन, मालमत्तेची वाटणी आणि दुर्बलांचे रक्षण यांवर जी मांडणी होती, तिची छाप त्या अनुच्छेदावर आहे. त्यातले पहिले कलम सांगते की, राष्ट्रजीवनातील सर्व संस्थांमध्ये ‘न्याय आणि दयाधर्म’ भिनलेले असतील अशी समाजव्यवस्था राज्याने प्रस्थापित करावी. आता आपल्या घटनेचा अनुच्छेद ३८ शेजारी ठेवा. वाक्याची ठेवण जवळजवळ तीच, पण दयाधर्म गेला आहे. त्या जागी आहे ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’.

हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. न्याय मागणाऱ्याचा असतो. धर्माने शिकवलेली कणव राज्यघटनेत आणायची तर तिचे रूपांतर हक्कात किंवा राज्याच्या कर्तव्यात व्हावे लागते, नाहीतर ती नुसती सदिच्छा उरते. अर्थात मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, ही मर्यादाही आपण आयर्लंडकडूनच घेतली.

आणि घटना धर्मातून जशी घेते, तशी धर्माच्या नावाने चाललेल्या गोष्टी नाकारतेही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कोणत्याही स्वरूपातील तिचे आचरण निषिद्ध ठरवले. अस्पृश्यतेलाही शास्त्राधार सांगितला जात होता, हे विसरून चालणार नाही. एकाच परंपरेत करुणाही असते आणि भेदही; त्यातले काय उचलायचे, हे घटनाकारांना ठरवावे लागते.

प्रश्न: समजा एखाद्या समितीला मसुद्यात धर्मातून आलेले एखादे मूल्य घालायचे आहे. प्रत्यक्ष काम कसे करावे? कुठे चुका होतात?

पहिली कसोटी ही की, तो धर्म न मानणाऱ्या नागरिकाला त्या कलमाचा आधार घेऊन काही मागता येते का. येत असेल तर पुढे जावे. ‘राज्य अमुक धर्माच्या शिकवणीनुसार चालेल’ या वाक्यातून इतरांना काहीच मागता येत नाही. ‘मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे’ हे जर्मन घटनेचे पहिले वाक्य, त्याच्या मुळाशी कोणी ख्रिस्ती विचार पाहो वा तत्त्वज्ञान, कोणालाही वापरता येते.

मग मूल्य मोजता येईल असे करता येते का, ते पाहावे. भूतानच्या २००८ च्या घटनेने बौद्ध परंपरेला देशाचा आध्यात्मिक वारसा म्हटले, पण राजाला सर्व धर्मांचा रक्षक केले आणि धार्मिक संस्थांना राजकारणापासून वर राहण्यास सांगितले. निसर्गाविषयीचा आदर मात्र तिथे नुसत्या शब्दांत ठेवला नाही: देशाच्या एकूण भूभागापैकी किमान ६० टक्के भूभाग कायम वनाच्छादित राहील, असे अनुच्छेद ५ सांगतो. सरकार चुकले की नाही, हे यातून कोणालाही तपासता येते.

तिसरी गोष्ट जागेची. उद्देशिकेत मूल्य घातले तर ते अर्थ लावताना उपयोगी पडते, पण त्याच्या जोरावर दावा उभा राहत नाही. मार्गदर्शक तत्त्वांत घातले तर कायदेमंडळाला दिशा मिळते. मूलभूत हक्कांत घातले तर न्यायालय त्यावर कायदा रद्द करू शकते. जागा ठरवण्याआधीच शब्दांवरून भांडण सुरू झाले की समित्या तिथेच अडकतात, कारण प्रत्येक बाजू आपल्या मनातली वेगळी जागा धरून बोलत असते.

चौथी गोष्ट मर्यादेची. आपल्या अनुच्छेद २५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या आधी सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि त्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीनतेची अट येते. शिवाय धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय वा ऐहिक व्यवहारांचे नियमन आणि समाजसुधारणा यांची वाट राज्याला मोकळी ठेवली आहे. हक्क आणि त्याच्या मर्यादा एकाच अनुच्छेदात असल्या की नंतरचे पुष्कळ वाद टळतात.

आता चुकांबद्दल. सर्वांत मोठी चूक म्हणजे खरे कारण झाकून कलम लिहिणे. अनुच्छेद ४८ पाहा. २४ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत गोरक्षणाची मागणी धार्मिक भावनेतूनही होत होती, पण कलम लिहिले गेले ते शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करण्याच्या भाषेत. झेड. एच. लारी यांनी त्याच चर्चेत सुचवले होते की, बहुसंख्याकांनी आपले म्हणणे स्पष्ट शब्दांत मांडावे, म्हणजे इतरांना आपण कुठे उभे आहोत ते कळेल. तसे झाले नाही. परिणाम असा की, १९५८ च्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला दूध, शेण आणि ओढकामाची क्षमता यांचा हिशेब मांडावा लागला. गाईंच्या हत्येवरील संपूर्ण बंदी ग्राह्य ठरली, निकामी झालेल्या बैलांवरील नाही. आणि २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने हा दुसरा भाग फिरवला. कोणत्याही बाजूचे असा, आपला खरा मुद्दा ज्या वादात उच्चारलाच जात नाही, त्यातून कोणाचेच समाधान होत नाही.

दुसरी चूक बारीकसारीक तपशील घटनेत कोंबण्याची. अनुच्छेद २९०अ नुसार केरळच्या एकत्रित निधीतून त्रावणकोर देवस्वम (देवस्थान) निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये आणि तमिळनाडूतून तेथील देवस्थान निधीला १३ लाख ५० हजार रुपये द्यायचे आहेत. ही तरतूद १९५६ ची. संस्थानांच्या विलीनीकरणातून आलेले हे देणे होते, त्यामुळे त्याची नोंद समजण्यासारखी आहे. पण रुपयांचा आकडा घटनेत लिहिला की तो तिथेच गोठतो.

प्रश्न: धर्मतत्त्वांशी विसंगत कायदा करता येणार नाही, असे काही घटनांत लिहिलेले असते. मग विसंगती आहे की नाही हे ठरवते कोण?

सगळी गोम इथेच आहे. कलम एकसारखे असले तरी अन्वयार्थ कोणाकडे आहे, त्यावर देश वेगळा घडतो.

इराणमध्ये १९७९ च्या घटनेने १२ सदस्यांचे संरक्षक मंडळ नेमले. त्यातले सहा धर्मशास्त्रज्ञ सर्वोच्च नेता नेमतो. सहा कायदेतज्ज्ञ न्यायसंस्थेचा प्रमुख सुचवतो आणि संसद निवडते. संसदेचा प्रत्येक कायदा या मंडळाकडे जातो. तो इस्लामशी सुसंगत आहे की नाही, याचा निर्णय फक्त सहा धर्मशास्त्रज्ञ देतात. व्यवहारात संसद आणि मंडळ यांच्यात इतके अडले की १९८८ मध्ये आणखी एक परिषद स्थापावी लागली, आणि १९८९ च्या दुरुस्तीने ती घटनेत आली. राज्याचे हित पाहून ही परिषद संरक्षक मंडळाचा आक्षेप बाजूला ठेवू शकते. म्हणजे धर्माला कायद्याच्या वर बसवण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेत शेवटचा शब्द राज्याच्या सोयीचा झाला. आमच्या मते हा अपघात नाही. धर्माचा अन्वयार्थ सरकारी खाते झाला की तो सरकारच्या गरजेप्रमाणे वाकतो, आणि यात धर्माचे नुकसान अधिक होते.

इजिप्तने हेच काम न्यायालयाकडे सोपवले. १९८० च्या दुरुस्तीने शरियतची तत्त्वे कायद्याचा मुख्य स्रोत ठरली. त्यानंतर कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाने, थकलेल्या रकमेवर व्याज लावणारे नागरी संहितेतले कलम या तत्त्वांविरुद्ध आहे, असा वाद सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापुढे नेला. १९८५ चा निकाल असा: ही दुरुस्ती कायदेमंडळाला उद्देशून आहे, ती पुढे होणाऱ्या कायद्यांना लागू होते, जुने कायदे तिच्यामुळे आपोआप रद्द होत नाहीत. नंतरच्या निकालांत न्यायालयाने आणखी एक भेद केला. ज्यांचा उगम आणि अर्थ दोन्ही निर्विवाद आहेत असे आदेश बदलत नाहीत. बाकी सर्व ठिकाणी काळानुरूप विचार करण्यास कायदेमंडळ मोकळे आहे. कलम तेवढेच कडक राहिले, पण त्याची धार अन्वयार्थाने ठरवली.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे, फक्त उलट्या बाजूने. सर्वोच्च न्यायालयातील १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, त्यालाच संरक्षण मिळते, असे सूत्र रुजले. डॉ. आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी इशारा दिला होता की, या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे व्यापते, म्हणून तिची व्याप्ती मूलतः धार्मिक अशा श्रद्धा आणि विधींपुरती ठेवली पाहिजे. त्यांचा रोख धार्मिक आणि ऐहिक यांत रेषा ओढण्यावर होता. न्यायालये मात्र हळूहळू धर्माच्या आतच, अत्यावश्यक काय आणि बिगर-अत्यावश्यक काय, हे ठरवू लागली. ग्रंथ तपासून न्यायाधीशांनी श्रद्धेचा गाभा सांगावा, ही जबाबदारी त्यांच्यावर पडायला नको होती. एखाद्या प्रथेमुळे कोणाच्या समतेला वा प्रतिष्ठेला बाध येतो का, एवढा प्रश्न विचारणे न्यायालयाच्या आवाक्यातले आहे आणि पुरेसेही.

प्रश्न: धर्माधारित तरतूद एकदा घटनेत आली की नंतर काढता येते का?

येते, पण पिढ्या जातात. आयर्लंडमध्ये प्रत्येक घटनादुरुस्ती सार्वमताला टाकावी लागते, म्हणून तिथला प्रवास स्पष्ट दिसतो. कॅथलिक चर्चच्या विशेष स्थानाचा उल्लेख १९७२ च्या सार्वमताने गेला. घटस्फोटावरची घटनात्मक बंदी १९९५ मध्ये उठली, तीही जेमतेम ५०.२८ टक्क्यांनी, फरक ९,११४ मतांचा. शिवाय विरोधकांना दिलासा म्हणून घटस्फोटाआधी पाचपैकी चार वर्षे वेगळे राहण्याची अट घटनेतच लिहिली गेली. ती काढायला २०१९ मध्ये पुन्हा देशभर मतदान घ्यावे लागले. ईशनिंदेच्या गुन्ह्याचा उल्लेख २०१८ मध्ये वगळला गेला. स्त्रीच्या घरातील स्थानाविषयीचे कलम बदलण्याचा प्रस्ताव मात्र मार्च २०२४ मध्ये मतदारांनी नाकारला, आणि १९३७ ची ती भाषा अजून तिथेच आहे.

नॉर्वेच्या १८१४ च्या घटनेत ज्यूंना देशात प्रवेशबंदी होती. ती १८५१ मध्ये उठली. जेझुइट या कॅथलिक पंथीयांवरची बंदी १९५६ पर्यंत टिकली. २०१२ च्या दुरुस्तीने राज्याचा धर्म हा उल्लेख जाऊन ‘ख्रिस्ती आणि मानवतावादी वारसा’ ही शब्दयोजना आली. राजाने लुथरन पंथाचे असावे, ही अट आजही आहे.

घालताना मात्र कधी कधी कोणाच्या लक्षातही येत नाही. पाकिस्तानच्या १९४९ च्या उद्दिष्टांच्या ठरावात अल्पसंख्याकांना आपला धर्म ‘मुक्तपणे’ पाळता येईल असे होते. १९८५ मध्ये हा ठराव घटनेचा अंमलात आणण्याजोगा भाग करताना जोडलेल्या मजकुरातून तो एकच शब्द गळाला. तो परत यायला २०१० ची अठरावी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. जोडपत्रांची मूळ ठरावाशी अक्षरशः ताडणी करणे हे कारकुनी काम वाटते, पण मसुदा समितीतल्या किमान दोघांनी ते स्वतंत्रपणे केलेच पाहिजे.

प्रश्न: राज्याचा एक धर्म आणि सर्वांना समान हक्क, दोन्ही एकाच घटनेत राहू शकतात का?

कागदावर राहतात. श्रीलंकेच्या १९७८ च्या घटनेचा अनुच्छेद ९ बौद्ध धर्माला अग्रस्थान देतो आणि त्याच वाक्यात इतर धर्मांच्या हक्कांची हमी देतो. तो बदलायला संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताबरोबर सार्वमतही लागते. बांगलादेशात १९८८ मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला आणि २०११ मध्ये तो तसाच ठेवून धर्मनिरपेक्षता मूलतत्त्वांत परत आणली गेली. अशा घटनांमध्ये दोन विसंगत वाक्यांपैकी कोणते चालेल, हे त्या त्या वेळचे सरकार आणि न्यायालय ठरवते. समान हक्कांचे वाक्य वरचढ राहील असे मसुद्यातच लिहून ठेवले, तरच अल्पसंख्याकांना त्याचा उपयोग. नुसती हमी शेजारी लिहून भागत नाही.

प्रश्न: पदाची शपथ ईश्वराच्या नावाने घ्यावी लागते का?

भारतात नाही. तिसऱ्या अनुसूचीतील नमुन्यांत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ असे दोन पर्याय आहेत. निवड त्या व्यक्तीची, आणि कारण सांगावे लागत नाही. अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेतही शपथ किंवा प्रतिज्ञा असा पर्याय आहे, आणि पदासाठी धर्माची कसोटी लावायला मनाई आहे. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांना मात्र सर्वशक्तिमान ईश्वराला साक्ष ठेवूनच प्रतिज्ञा करावी लागते. ते शब्द घटनेच्या अनुच्छेद १२ मध्येच असल्याने पर्यायी नमुना साध्या कायद्याने देता येत नाही. त्यासाठीही सार्वमतच घ्यावे लागेल.